सगुणाबाईची इर्जिक

वह्या वाटायला येणाऱ्या लोकांचा मला मनापासून कंटाळा आहे. आमची शाळा मुळशीत, पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे दानशूरांना ती सोयीची पडते. सकाळी निघायचं, मुलांना उन्हात रांगेत उभं करायचं, फोटो काढायचे आणि जेवायला रिसॉर्टवर. चौदा वर्षांपूर्वी मी बीडहून इथे मास्तर म्हणून आलो, तेव्हापासून बघतोय. म्हणून टीव्हीवरच्या सुलक्षणाताई वरच्या वाडीला ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, बांधून देणार असं कानावर आलं, तेव्हा मी म्हणालो, "चला, आता ओढ्यालाही वह्या वाटणार." हे मी सगुणाबाईसमोर म्हणालो, हे चुकलंच.

"सर, तुमाला वड्याच्या अल्याड बसून थट्टा सुचतीया," ती म्हणाली आणि चालायला लागली.

सगुणाबाई पंचावन्नच्या आसपासची, काटकुळी. तिच्या पायाला भिंगरी आहे, असं वाडीतल्या बायका म्हणतात. एका जागी उभी राहिली तरी हाताला काहीतरी चाळा लागतो, गवताची काडी मोड, पदराचं टोक पीळ. भातलावणीत पुढे तीच, लग्नघरात पुढे तीच, आणि कुणी कौतुक केलं तर "माझ्यानं बसवत न्हाई, म्हून करते," एवढंच.

तिची बेचैनी उगाच नव्हती. वरची वाडी रिहे खोऱ्यात, ओढ्याच्या पल्याड आहे. जून संपता संपता ओढा फुगतो आणि दोन महिने वाडीतलं एकही पोर शाळेत येत नाही. मुलगे गणपतीनंतर परत येतात. मुली एक-दोन वर्षं येतात, मग येत नाहीत. सगुणाबाईची लेक गौतमी अशीच आठवीत घरी बसली. हुशार होती, असं जुने शिक्षक सांगतात. आता नात ऋतिका, मुलाची मुलगी, जूनमध्ये दहावीत जाणार होती. तिचे आईबाप पिरंगुटला कंपनीत. पावसाळ्यात ते तिकडेच, दोन जोडप्यांत एक खोली घेऊन राहतात, तिथे पोरीला जागा कुठली? नववीत ऋतिकाचे चाळीस दिवस बुडाले होते. दहावीत तेवढे बुडाले तर काय होईल, हे सगुणाबाईला सांगायला मास्तर लागत नव्हता.

सुलक्षणाताई रोज दुपारी दोन वाजता टीव्हीवर बायकांशी गप्पा मारतात. अकरा वर्षं मारताहेत. खोऱ्यात त्यांचं फार्महाऊस आहे. फेब्रुवारीत फिरत फिरत त्या वाडीत गेल्या, सगुणाबाईच्या ओट्यावर ताक प्यायल्या, ओढ्याची कहाणी ऐकली आणि पंधरा दिवसांनी कार्यक्रमात साकव जाहीर करून मोकळ्या झाल्या. मार्चमध्ये नारळ फुटला. पायाचे दगड पडले, ठेकेदाराचं यंत्र आलं. ताईंच्या ट्रस्टचं काम बघणारा कौस्तुभ नावाचा तरुण होता, त्याला सगुणाबाईनं विचारलं, "आमी काय करायचं?"

"काही नाही आजी. उद्घाटनाला छान साड्या नेसून या, बस."

ते तिला लागलं. दोन दिवस ती वाडी ते ओढा, ओढा ते वाडी अशा येरझाऱ्या घालत होती. "सर, आमच्या वड्यावरचा साकव, आन् आमी नुसती लुगडी नेसायची?" मी म्हणालो, फुकट मिळतंय ते घ्या. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी फळ्याकडे वळलो.

तिसऱ्या दिवशी तिनं इर्जिक घातली. आमच्याकडे बीडलाही इर्जिक असते, पण इकडच्यासारखी जिवंत नाही. ज्याचं काम अडलंय त्यानं घरोघरी सांगायचं. लोक आपापली अवजारं घेऊन येतात, दिवसभर राबतात, मजुरी घेत नाहीत. घरधन्यानं पोटभर जेवू घालायचं. आणि मुख्य म्हणजे, जो आपल्याकडे राबला त्याच्या दारात आपण राबायला जायचं. न बोलावता जायचं. न जाणाऱ्याच्या घरी पुढच्या खेपेला कुणी फिरकत नाही. सगुणाबाईनं सगळ्या घरांना निरोप दिला, आणि भरीस भर फार्महाऊसवर जाऊन ताईंनाही देऊन आली.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी साठ माणसं ओढ्यावर जमली. साकवाच्या दोन्ही अंगांना भराव घालायचा होता. ताई खरंच आल्या. सोबत कॅमेरा, हातात पांढरे मोजे. त्यांनी सहा-सात घमेली उचलली, बायकांच्या गळ्यात हात घालून फोटो काढले आणि शूटिंग आहे म्हणून निघून गेल्या. वीस मिनिटं झाली असतील. माझ्या मनातलं सगळं खरं ठरल्याचा आनंद मला झाला, हे कबूल करतो. मास्तरांची जात वाईट.

पण सगुणाबाईच्या लेखी ताई इर्जिकीला आल्या होत्या. आठवड्यानं चौदा बायका विळे घेऊन फार्महाऊसच्या फाटकावर हजर. ताई मुंबईत. राखणदार भिवाजी वाडीतलाच, त्यालाही यात काही वावगं वाटलं नाही. इर्जिक फेडायला आल्यात म्हटल्यावर त्यानं फाटक उघडलं आणि स्वतः चहा ठेवला. आता करायचं काय? बायकांनी बंगल्याभोवती चक्कर मारली. चहूकडे कमरेएवढं, वाळकं, तुऱ्यांचं गवत माजलेलं. एवढी श्रीमंत बाई, पण दारात रान, कुणी कापायला नसावं बिचारीला. बायकांना खरोखर दया आली. संध्याकाळपर्यंत त्यांनी काडी न् काडी कापली, पेंढ्या बांधल्या आणि फाटकाशी उडवी रचून ठेवली. पुढेमागे गाय घेतली तर होईल म्हणून.

ते शोभेचं परदेशी गवत होतं. दोन वर्षं जपून वाढवलेलं.

कौस्तुभ दुसऱ्या दिवशी आला आणि त्याचं डोकंच फिरलं. "या लोकांसाठी काही करायचीच सोय नाही," असं तो भिवाजीला म्हणाला आणि त्यानं ठेकेदाराला फोन लावला. दोन दिवसांत ओढ्यावरचं यंत्र निघून गेलं. पाये अर्धवट, लोखंडी गज उघडे, आणि मे महिना तोंडावर.

मे उजाडला तरी यंत्र आलं नाही. सगुणाबाई शाळेत आली तेव्हा सुट्ट्या लागल्या होत्या, मी एकटाच नोंदी करत बसलो होतो. ती दारात उभी राहिली, खिडकीशी गेली, परत दारात आली. मी म्हणालो, "माफीचं पत्र लिहू."

"माफी कशाची? चोरी किली का आमी? राबलो."

"मग साकव विसरा."

फळ्याखालचा जुना खडू उचलून तिनं त्याचा बोटांनी भुगा केला. मग म्हणाली, "चला. पोरीसाठी नाक बी घासीन. गौतमीच्या टायमाला घासलं न्हाई, तेच चुकलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला स्वतःची लाज वाटली.

आम्ही गेलो तेव्हा ताई नुकत्याच आल्या होत्या. अंगणात नुसती खुंटं. कौस्तुभ बाजूला हाताची घडी घालून उभा. सगुणाबाईनं हात जोडले आणि म्हणाली, "ताई, चुकलं आमचं." ताईंनी विचारलं, "पण मावशी, तुम्हाला इथे यायला सांगितलं कुणी?"

सगुणाबाईला तो प्रश्नच कळेना. "सांगायचं काय त्यात? तुमी आमच्या इर्जिकीला आला. आमी तुमच्याकडं यायचं. रीतच हाय."

"अहो, मी जेमतेम वीस मिनिटं होते. तीसुद्धा…" ताई थांबल्या. कॅमेऱ्यासाठी, असं त्यांना म्हणायचं असणार. "आणि तुम्ही चौदा जणी दिवसभर?"

"व्हय. आता तुमीच मोजा," सगुणाबाई बोलून गेली. नाक घासायला आलेली बाई, पण खोटं कसं बोलणार? "तुमचंच आमच्याकडं राबणं ऱ्हायलं म्हनायचं. पर ते जाऊ द्या. साकव तेवढा थांबवू नगा. पोरगी दहावीला हाय."

"थांबवू नका? कोणी थांबवलाय?"

कौस्तुभनं मान खाली घातली. काम रखडल्याचं ताईंना माहीतच नव्हतं. मला वाटलं, आता त्या त्याला झापतील. झापलं नाही. त्या ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं मी लोकांना वस्तू देतेय. आतापर्यंत कुणी मला परत द्यायला आलं नव्हतं. सोमवारी किती वाजता येऊ?"

सोमवारी यंत्र परत आलं, आणि सातला त्याही आल्या. कॅमेरा नाही, मोजे नाहीत. दहाला हाताला फोड आले. बायकांनी भरपूर चिडवलं. "ताई, घमेलं हाय ते, माईक न्हवं. तोंडापाशी नगा धरू." त्या दिवसभर थांबल्या, पिठलंभाकरी खाल्ली आणि शूटिंग नसेल त्या दिवशी येत राहिल्या. चिडचिड्या कौस्तुभलाही आणलं. पण त्यांनी दगड उचलले, याचं मला फारसं अप्रूप नाही. ठेकेदाराचा इंजिनिअर नकाशा घेऊन त्यांच्याकडे आला, तेव्हाची गोष्ट मोठी. त्या म्हणाल्या, "मला काय विचारता? ओढा यांचा आहे."

इंजिनिअरनं नाइलाजानं नकाशा सगुणाबाईपुढे धरला. तिला नकाशा कळत नव्हता. तिनं त्याला दंडाला धरून काठावरच्या उंबराकडे नेलं आणि खोडावर छातीएवढ्या उंचीला हात ठेवला. "पानी हितपर्यंत येतं. तुमचा साकव त्याच्या खाली हाय." त्यानं मोजलं. दोन वेळा मोजलं. मग मुकाट्यानं पाये दोन हात उंच केले. त्या दिवसापासून ओढ्यावर आलेला प्रत्येक माणूस आधी सगुणाबाईला शोधायचा. तिची तगमग मात्र कमी झाली नाही, उलट वाढली. सिमेंट भिजलं का, गज हलतो का, आभाळ भरलं का. खोऱ्यातल्या आणखी तीन फार्महाऊसवाल्यांना ताईंनी गाठलं आणि सांगितलं, चेक नको, रविवारी या, आणि जेवायला सगुणाबाईकडे थांबा. त्यातले दोघे आले. तिसऱ्यानं चेक पाठवला, तो परत गेला.

जूनच्या वीस तारखेला काम संपलं. उद्घाटन वगैरे झालं नाही, कारण त्याच दुपारी पाऊस धो धो कोसळायला लागला आणि सगळी पांगली.

जुलैत एके दिवशी मधल्या सुट्टीआधी मला ताईंचा फोन आला. त्यांना या साकवावर एक कार्यक्रम करायचा होता. स्वतः फक्त ऐकायला बसणार, बोलणार वाडीतल्या बायका. गुरुवारी मुंबईला या म्हणून त्यांनी सगुणाबाईला विचारलं होतं. "सर, त्या नाही म्हणाल्या. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही." त्या हसत होत्या. "का म्हणून विचारलं, तर म्हणतात, गुरुवारी शाळा हाय. नातीचा डबा कुनी करायचा?"

मला हसू आलं नाही. भर आषाढात वरच्या वाडीत शाळेचा डबा करावा लागतो, हे चौदा वर्षांत मी पहिल्यांदा ऐकत होतो.

फोन ठेवून वर्गात गेलो. बाहेर पावसानं कौलं वाजत होती. दुसऱ्या बाकावर ऋतिका पुस्तकाआड डब्याचं झाकण हळूच उघडून बघत होती. सुट्टीला अजून वीस मिनिटं होती. मी पाहिलं नाही असं दाखवलं.