मुंगी शिरायला जागा

आमच्या घरात कुणाला उशीर झाला की एक वाक्य पुरायचं: ‘रस्त्यात मुंगी शिरायला जागा नव्हती.’ साठच्या दशकाच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत बेंगळुरात मोटारी कितीशा असणार? पण चिक्कपेटेच्या बाजारात हातगाड्या, बैलगाड्या आणि एखादी बस समोरासमोर आली, की ते खरंही असायचं.

त्या दुपारी अप्पांना, माझ्या वडिलांना, झटक्यात घालून मी इस्पितळाकडे निघालो होतो. झटका म्हणजे आमच्याकडचा टांगा. अप्पांना धाप लागली होती, ओठ निळसर पडले होते. बाजाराच्या तोंडाशी आम्ही अडकलो. पुढे कापडाच्या गठ्ठ्यांची गाडी, मागे बस. मी उतरून हात जोडले, ओरडलो.

“आम्ही तरी काय उडून जाऊ?” गाडीवान म्हणाला.

मी परत येऊन बसलो. अप्पांनी विचारलं, “का थांबलो रे?”

“मुंगी शिरायला जागा नाही, अप्पा.”

“मग आज मुंग्याही घरी उशिराच जाणार,” ते म्हणाले आणि माझी बाही घट्ट धरली.

तेवढ्यात मागून तमट्यांचा, तिकडच्या हलग्यांचा, आवाज आला. प्रेतयात्रा होती. बघता बघता बैल बाजूला ओढले गेले, हातगाड्या दुकानांच्या पायऱ्यांवर चढल्या, बसनेही अंग चोरलं. तिरडी आमच्या शेजारून पुढे गेली.

“स्वामी, यांच्या मागं घालतो. सरी? चालेल ना?” झटकेवाल्याने लगाम उचलला.

“नको.”

“स्वल्प विचार करा. ही वाट परत मिळायची नाही.”

आजारी बापाला तिरडीच्या मागून न्यायचं? रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या. मी त्यांच्याकडेच बघत राहिलो. “नको म्हटलं ना.”

वाट मिटली. इस्पितळाचं फाटक दिसलं, तेव्हा माझ्या बाहीवरचा हात सुटलेला होता.

घरी आईने एवढंच विचारलं, “वेळेवर नाही पोचलास?”

मी ते वाक्य म्हटलं. तिने त्यावर विश्वास ठेवला. पुढे सुतकात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, माझ्या पाठीवरून हात फिरवत, ती सांगत राहिली, “पोराने तरी काय करावं? मुंगी शिरायला जागा नव्हती.”

ती जिवंत असेपर्यंत मी तिला खरं सांगितलं नाही. खांदेकरी जोडीजोडीने सहज चालत गेले, एवढी रुंद वाट होती ती.