पंगतीचे जमादार

छडीचे दोन ठोके पडले की बसायचं, एक पडला की उठायचं. आमच्या जऊळक्यात लग्न असो, बारसं असो की तेरवी, पंगत जमादारांच्या छडीवर चाले. दर वेळी ते एकदा बजावत, "बसा म्हटलं का बसाचं, उठा म्हटलं का उठाचं. मधात काही नाही."

मधात जेवायचं असतं हे सगळ्यांना माहीत होतं. बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती.

मुलांनो, तुम्ही तिकडे ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा टेबलाशी जाऊन जेवता, म्हणून पंगत म्हणजे काय ते आधी सांगते. जमिनीवर समोरासमोर लांब ओळी, पुढ्यात पळसाच्या पत्रावळी, मधून वाढपी धावणार. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही, सगळ्यांचं आटोपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. एवढ्यासाठी वर माणूस कशाला उभा करायला हवा, असं तुम्हाला वाटेल. तुमच्या पणजोबांनाही तसंच वाटलं होतं. तिथूनच सगळा घोटाळा झाला.

जमादार अकोल्याला पोलिसात होते. नोकरी संपवून गावी परतले तेव्हा त्यांच्याजवळ पितळी बकलाचा पट्टा होता, वेताची छडी होती, आणि हुकूम ऐकायला कोणी नव्हतं. गावाने त्यांना पंगत दिली. कोणी ठरवून दिली नाही. एका लग्नात ते जरा मोठ्याने "बसा" म्हणाले, माणसं बसली, आणि मग ती सवय दोन्हीकडून लागली.

एकदा पाटील ताक पिऊन, मिशा पुसून, पान खायला उठले. जमादार म्हणाले, "पाटील, बसा." पाटील बसले आणि हात पार वाळेपर्यंत बसून राहिले. दुसऱ्यांदा बुंदी मागणाऱ्याला जमादार फक्त विचारत, "कायले?" बुंदी कशाला हवी याचं उत्तर कोणालाच सुचत नसे, आणि वाढपी पुढे जाई.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कोणत्या जातीने कोणत्या ओळीत बसायचं, तांड्यावरच्या लोकांना कोणत्या टोकाला आणि किती उशिरा वाढायचं, हे गावाने जमादारांच्या आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यात त्यांनी कधी बदल केला नाही. हुकूम पाळून घेणं त्यांना येत होतं, बदलणं येत नव्हतं. आणि बदला असं आम्हीही त्यांना कधी सांगितलं नाही.

तुमचे पणजोबा, म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत हेडमास्तर होते. इंग्रजी पुस्तकं वाचत आणि माणूस मुळात शहाणा असतो असं मानत. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं की जमादारांना आमंत्रण पाहुणे म्हणून, पंगतीवर नाही. माणसं म्हणजे कवायतीचे शिपाई नव्हेत. भूक लागेल तशी बसतील, पोट भरलं की उठतील.

"आणि नाही उठली तर?" आईने विचारलं.

वडील हसले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मीही हसले.

वऱ्हाड सकाळच्या गाडीने अकोल्याहून आलं. संध्याकाळच्या गाडीने नवरीला घेऊन परतायचं होतं. दुपारी अक्षता पडल्या, पत्रावळी मांडल्या, वडील हात जोडून म्हणाले, "मंडळी, ज्याला जसं सोयीचं वाटेल तसं बसावं."

कोणी बसेना. पाटील वऱ्हाडाची वाट पाहत होते, वऱ्हाड पाटलांची. आधी बसणारा अधाशी ठरला असता. शेवटी एका कोपऱ्यात काही जण बसले आणि वाढप्यांनी सगळी बुंदी तिथेच रिकामी केली. त्यांचं जेवण झालं, पण ते उठेनात, कारण उठा असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या पाठीमागे भुकेली माणसं उभी. वडील एकेकाला विनवत होते आणि जो तो म्हणत होता, आधी ह्यांचं होऊ द्या. भात थंड झाला. एक कुत्रं तेवढं सोयीने जेवलं.

चार वाजत आले तेव्हा नवरदेवाचे मामा उपरणं झटकत पुढे आले. "मास्तर, पाचची गाडी हाये. आमी उपाशी आलतो, उपाशीच जातो."

वऱ्हाड दारातून उपाशी गेलं असतं तर माझ्या बहिणीला त्या घरात जन्मभर ते ऐकावं लागलं असतं. आई आत पदराने डोळे पुसत होती. वडिलांनी पगडी डोक्यावर ठेवली आणि निघाले. मी त्यांच्या मागे धावले.

जमादार लग्नाला आलेच नव्हते. ओसरीवर बाजेवर ताठ बसले होते. पट्टा बांधलेला, बक्कल घासलेलं, छडी मांडीवर.

"सकायपासून असेच बसून राह्यले," त्यांची बायको, आमच्या काकू, दारातून म्हणाल्या. "बलावनं आलं तर उशीर नको म्हनते."

वडिलांनी सगळी हकिगत सांगितली. जमादारांनी ती ऐकून घेतली. चेहऱ्यावर राग नाही, आनंदही नाही. मग विचारलं, "हुकूम हाये का, मास्तर?"

वडिलांनी आयुष्यात कोणाला हुकूम दिला नव्हता. शाळेत मुलांनाही ते 'कृपया' म्हणत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्टेशनाच्या दिशेला.

"हो," ते म्हणाले. "हुकूम आहे."

तरी जमादार उठले नाहीत. त्यांनी मान वळवून काकूंकडे पाहिलं.

"उठा," काकू म्हणाल्या. तेव्हा ते उठले.

मांडवात दोन ठोके पडले आणि सगळं गाव एकदम खाली बसलं. गाडी सुटायच्या आत दोन पंगती उठल्या. नवरदेवाचे मामा हात धुवायला निघताना जमादारांना "जाऊ का?" असं विचारून गेले. सगळं पांगल्यावर जमादार चुलाणाशी उभ्याने गार वरण-पोळी खाताना मला दिसले. एवढ्या पंगती उठवल्या त्यांनी, पण कोणत्याही लग्नात त्यांना ऊन घास मिळाला नसणार.

पुढे लढाई सुरू झाली. वडील स्टेशनवर वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत. एकदा त्यात युरोपातल्या एका हुकूमशहाचा फोटो होता, हात वर केलेला, पुढे माणसांच्या सरळ ओळी. जमादार बराच वेळ तो न्याहाळत होते. मला वाटलं, ओळींचं कौतुक करतील.

"मास्तर," ते म्हणाले, "याले घरी जेवा म्हननारं कोनी हाये का नाही?"

वडील कितीतरी दिवस आठवून हसत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात जमादार गेले. मी अमरावतीला कॉलेजात होते, सुट्टीत आले होते, म्हणून तेरवीला गेले. त्यांच्याच अंगणात पंगत बसली, म्हणजे चाचपडत कशीबशी बसली. वाढून झालं. कढीवर साय धरली. कोणी घास उचलेना. मी स्वातंत्र्यावर इंग्रजीत निबंध लिहून बक्षीस मिळवलेली मुलगी. मी घास उचलला, आजूबाजूला पाहिलं आणि परत ठेवला. पलीकडच्या ओळीत वडील पत्रावळीकडे पाहत बसले होते.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जेवा आता."

आवाज मोठा नव्हता, पण रोज दोनदा हेच म्हणायची सवय त्याला होती. सगळे हात एकदम तोंडाकडे गेले.

थोड्या वेळाने पाटलांनी चाचरत विचारलं, "अन् उठाचं कवा, वहिनी?"

"पोट भरलं का उठा, भाऊजी. आता कोन बसवते तुमाले?"

पोटं भरली. हात वाळले. ओसरीवर खुंटीला पट्टा होता, पट्ट्याशेजारी छडी. सगळी पंगत तिच्याकडे पाहत बसून राहिली.

सगळ्यांत आधी उठले ते तुमचे पणजोबा. अर्धवट उठून ते थबकले, छडीकडे पाहिलं, आणि कोणी 'मास्तर, बसा' म्हणत नाही अशी खात्री झाल्यावर पुरते उभे राहिले. त्यांचे डोळे ओले होते. कढी फार तिखट होती, असं ते घरी आल्यावर आईला म्हणाले.