वाचलेली बरणी

दुष्काळाच्या साली मी सोनईजवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. घरी प्रयोगासाठी चार बरण्यांत हिरवं शेवाळ वाढवलं होतं. त्यात नळीने कार्बन डायऑक्साइड सोडत असे.

एका दुपारी थोरला भाऊ विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परतला. "गुरं तडफडून मरत्यात, अन् तू पाण्यात शेवाळ पोसतीस?" म्हणत तो काठीने बरण्या फोडू लागला. मी आडवी गेले, तर काठी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी डाव्या हाताने लोखंडी स्टँड उचलून त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे दोन दात पडले.

एकच बरणी वाचली, पण कार्बन डायऑक्साइड सोडायचं उपकरण फुटलं होतं. भरपूर वायूवर वाढलेलं शेवाळ नुसत्या हवेवर मरेल, असं मला वाटलं. त्या दिवशी त्यातून जेमतेम एखादा बुडबुडा निघाला. दुसऱ्या दिवशी मात्र उन्हात प्राणवायूचे बुडबुडे भराभर वर येऊ लागले. हवेतला थोडासा कार्बन डायऑक्साइड नेटाने ओढून घेता यावा म्हणून पेशींनी आपला आतला कारभारच बदलला होता.

सुजलेल्या तोंडाने भाऊ दारात उभा होता.

"जगलं व्हय?"

"हो," मी म्हणाले. पुढे वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.