बिलीफवाले

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. सकाळी साडेनऊ. जळगाव एमआयडीसीतली डाळमिल. हजर: मोठे शेठ, त्यांचा मुलगा छोटे शेठ, पूजा सांगणारे महाराज, मुकादम, हमाल आणि मशीनवाले मिळून एकेचाळीस कामगार. त्यातले आम्ही अकरा बौद्ध. आम्ही शेडच्या बाहेर, चपला घालूनच. आत जायचंच नव्हतं, मग काढायच्या कशाला?

पूजेच्या सामानाची यादी मात्र माझी. चौदा वर्षं झाली, इथलं स्टोअर मी सांभाळते. हार, नारळ, पेढे, सगळं मीच मागवते. चौरंगावर मालाच्या आवकीचं रजिस्टर उघडून मांडलं होतं. त्यात पानोपानी माझं अक्षर. वरचा हार घसरत होता म्हणून मी चपला काढून आत गेले आणि हात पुढे केला.

छोटे शेठ मध्ये आले. पुण्याला शिकून नुकतेच परत आले होते. हसून म्हणाले, "रहने दो मॅडम. तुमचं बिलीफ वेगळं आहे ना. आम्ही रिस्पेक्ट करतो."

माझा हात रजिस्टरला लागलाही नव्हता. तरी महाराजांनी त्यावर पाणी शिंपडलं. शाई फुटली. दुसऱ्या दिवशी ते पान मीच पुन्हा उतरवून काढलं.

मोठे शेठ सरळ बोलायचे. "बाई, लांब थांबा." धुळ्यात माझ्या आईलाही लोक असंच तोंडावर सांगायचे. आई घरी येऊन शिव्या तरी घालायची. मला तेही जमेना. इतक्या गोड बोलणाऱ्या माणसाला शिवी कशी घालायची? मी त्या दिवशी "थँक्यू सर" म्हणाले. हे लिहायला लाज वाटते, पण म्हणाले.

पुढे तो शब्द मिलभर झाला. पाण्याचा दुसरा माठ आला, कोपऱ्यात, पत्र्याच्या आडोशाला. तो बिलीफवाल्यांचा. चहाचे अकरा कप वेगळे, ते बिलीफचे. नवीन माणूस कामाला लागला की मुकादम विचारायचा, "हा आपल्यातला की बिलीफवाला?" जात कोणी विचारत नव्हतं. गरजच राहिली नव्हती. सुपडूभाऊ हमाल तर मनाचा चांगला माणूस. एकदा चहाच्या वेळी लांबूनच कोपऱ्याकडे बोट दाखवून ओरडला, "अक्का, तुमना बिलीफवाला कप तठे शे!" आणि मग जवळ येऊन हळूच, "बिलीफ म्हंजे काय शे वं?"

मी म्हटलं, "शेठला विचारा."

त्याने काही विचारलं नाही. ह्या वर्षी मी विचारलं.

खंडेनवमीला पुजलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, अशी मिलची रीत. त्या दिवशी माल आला तर मी तो कागदाच्या चिटोऱ्यावर लिहायचे आणि नंतर रजिस्टरमध्ये चढवायचे. ह्या वेळी आरती संपते न संपते तोच चाळीसगावहून तुरीची गाडी आली. सुपडूभाऊ धावत आला. "अक्का, गाडी गेटवर उभी शे. डायवर कटकट करी ऱ्हायना."

मी चिटोरा शोधला नाही. चपला काढल्या, आत गेले.

"मॅडम, तुमचं बिलीफ..." छोटे शेठ सुरू झाले.

"सर, त्याचा अर्थ काय?"

"मतलब... जे आपण मनापासून खरं मानतो ते."

"मी हात लावला की रजिस्टर बाटतं, हे खरं कोण मानतं? मी की तुम्ही?"

महाराज घंटा पुसत बसले.

"मी मानत नाही, सर. म्हणजे बिलीफ तुमचं आहे. तीन वर्षं नाव आमचं घेताय."

मोठे शेठ खुर्चीतून म्हणाले, "बाई फार बोलायला लागली."

मी रजिस्टर उचललं. त्यावरची फुलं नीट ताटात ठेवली, गेटवर गेले आणि गाडीची नोंद केली. नंबर, माल, पोती, वेळ, सही. उभ्यानेच लिहिलं. अक्षर वाईट आलं, पण नोंद बरोबर आहे.

सोमवारी मला स्टोअरमधून काढून बारदानाच्या शेडमध्ये बसवलं. फाटक्या पोत्यांचे गठ्ठे मोजायचे. छोटे शेठ म्हणाले, "थोडे दिवस. तुमच्याच भल्यासाठी." नोकरी जाईल, हे मला दिसतं आहे. मुलीच्या शिक्षणाची शेवटची दोन वर्षं राहिली आहेत, हेही दिसतं आहे. तरी आता गप्प बसणं होणार नाही.

कामगार कार्यालयात द्यायचा अर्ज तयार आहे. एक पान. बिलीफ हा शब्द त्यात एकदाही नाही. विटाळ लिहिलं आहे, अस्पृश्यता लिहिलं आहे, कुठे, कधी आणि कोणी पाळली ते लिहिलं आहे. खाली अकरा रेघा मारल्या आहेत. दोन सह्या झाल्या. एक माझी, एक डाळ पॉलिश करायच्या मशीनवरच्या नानांची. बाकीचे नऊ जण घाबरले आहेत आणि त्यांचं घाबरणं खोटं नाही. त्यातले सहा जण जवळच्या असोदा गावचे आहेत. रविवारी सकाळी सातच्या बसने तिकडे जायचं आहे.

नऊ सह्या बाकी.