पंचमीचा मुराळी

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. कधी डोळ्यांचं निमित्त केलं, कधी शेतातल्या कामाचं. खरं कारण एकच होतं: लिहिलं की गावाला कळणार, लेकीच्या सासरी कळणार. आता कळू दे. सत्तरी उलटली आहे, हे खोटं सोबत न्यायचं नाही.

माझी सून ओडिशाची आहे. गावात मी सांगितलं, नांदेडकडची, पार तेलंगणाच्या हद्दीवरची, म्हणून मराठी मोडकं बोलते. बारा एकर रान, विहिरीला पाणी, तरी शेती करणाऱ्या माझ्या पोराला चौतीस वर्षांचा होईपर्यंत कुणी मुलगी दिली नाही. शेवटी एका ओळखीच्या माणसाने तिकडचं स्थळ आणलं. लग्न तिच्या गावच्या देवळात झालं. परतताना मांजरसुंब्याला गाडी थांबली, तेव्हा चहा पिता पिता मी तिला हिंदीत पढवलं: कुणी विचारलं तर माहेर नांदेडकडं. तिने मान हलवली.

ती भातावर वाढलेली आणि आम्ही भाकरीवर. पहिल्या उन्हाळ्यात तिने तिकडच्या रीतीने उरलेला भात पाण्यात भिजवून सकाळसाठी झाकून ठेवला. माझ्या बायकोने नासला म्हणून तो म्हशीपुढे ओतला. “म्हशीला तरी इचारा, खाती का!” असं म्हणून शेजारीण हसली. सूनही हसली. पुन्हा तिने भात भिजवला नाही. वर्षभरात अशी भाकरी थापायला लागली की बायकोच म्हणायची, “माझ्यापरीस पातळ करती की गं!” ‘कावून’, ‘लई’, ‘न्हाई’ तिच्या तोंडात बसलं. तिची स्वतःची बोली फक्त गोठ्यात उरली. तिथे उभी राहून ती भावाशी फोनवर बोलायची, तेही दबक्या आवाजात. हळू बोलत जा, असं मीच सांगितलं होतं.

आमच्याकडे नागपंचमीला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला तिचा भाऊ येतो. त्याला मुराळी म्हणतात. त्याचा मान मोठा असतो. पाय धुवायला पाणी देतात, बसायला सतरंजी टाकतात, पुरणाचं जेवण असतं. गल्लीतल्या साऱ्या सुनांचे मुराळी यायचे. आमच्या सुनेने दोन पंचम्या दारात उभं राहून ते पाहिलं. तिसऱ्या वर्षी माझ्याजवळ आली.

“मामा, माझ्या भावाला बोलवू का? आमच्याकडं पोरी झोका खेळत्यात मिरगाच्या टायमाला. पर भाऊ असा न्यायला येत न्हाई. मी त्याला समदं समजावून सांगितलंय.”

मी दावं वळत होतो. मान वर न करता म्हणालो, “बोलव की.” एवढ्या लांबून कोण येतंय, असं मनात होतं.

तो आला. पंचमीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. नेमकी त्याच वेळी अंबाजोगाईची मंडळी माझ्या धाकट्या लेकीला पाहायला आली होती. पोरगा फराळाचं आणायला बीडला गेला होता. पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्याने सुनेचं माहेर विचारलं होतं आणि मी ‘नांदेडकडं’ सांगून मोकळा झालो होतो. तेवढ्यात अंगणात हा उभा. नवाकोरा सदरा, घडीच्या रेघा तशाच. एका हातात पिशवी, दुसऱ्यात नारळ. दोन दिवस रेल्वे आणि एसटीत बसून डोळे तांबारलेले. बहिणीने शिकवलं असणार, सरळ येऊन माझ्या पायाला वाकला. मी पाय मागे घेतला.

“हे कोण?” पाहुण्याने विचारलं.

“गडी हाय. ओडिशाचा. कामाला आलाय.”

“च्यायला, आमाला हुडकून गडी मिळंना अन् तुमच्या दारात नारळ घेऊन येतेत! एखादा आमच्याकडंबी धाडा की!”

सगळे हसले. मीही हसलो. मग त्याला हिंदीत म्हणालो, “जा, बैलों को कडबा डालो.”

त्याने बहिणीकडे पाहिलं. ती उंबऱ्यात चहाचं ताट घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पुढे येऊन एकेकाच्या हातात कप दिला, थेंबही सांडला नाही. मग मला म्हणाली, “मामा, गड्याला भाकर वाढू का?”

गडी. तिने माझाच शब्द उचलला, माझी लेक खपावी म्हणून. तो सदऱ्याच्या बाह्या दुमडून गोठ्याकडे गेला. तिने त्याला तिथेच जेवायला दिलं. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

पोरगा परत आला तेव्हा मंडळी होकार देऊन गेली होती. गोठ्यात बैलांपुढे कडबा नीट टाकलेला होता आणि पिशवी खुंटीला अडकवलेली होती. तिच्यात साडी आणि नारळ होता. पोरगा मोटारसायकल घेऊन निघून गेलेल्या मेव्हण्याच्या मागे मांजरसुंब्यापर्यंत गेला. तो सापडला नाही. पुढे कितीतरी महिने पोरगा माझ्याशी कामापुरतंच बोलला.

सून मात्र पूर्वीसारखीच बोलते. दुखलं-खुपलं विचारते, औषध हातात देते. फक्त पंचमीचं नाव काढत नाही. लिंबाला झोका बांधला की ती रानात खुरपायला जाते.

मी ठरवलं आहे. लेकीच्या सासरी जाऊन हे कागद माझ्या तोंडाने वाचणार. त्यांना राग आला तर माझ्यावर येऊ दे, लेकीचा त्यात दोष नाही. गावातही सांगणार, माझी सून नांदेडची नाही. एवढं माझ्याच्याने होईल.

एक मात्र अजून झालं नाही. मागच्या महिन्यात पोराकडून नंबर घेऊन मी तिच्या भावाला फोन लावला. मी कोण ते सांगितलं. तो लगेच म्हणाला, “जी मालिक. काम है क्या?”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, तिकडे पाऊस कसा आहे. ठीक आहे, म्हणाला. मी फोन ठेवला.

बोलायचं होतं ते हे: तू गडी नव्हतास. तू माझ्या दारी आलेला मुराळी होतास. तुझे पाय धुवायला पाणी द्यायचं सोडून मी तुला गोठ्यात धाडलं. मला माफ कर, आणि तुझ्या बहिणीला न्यायला ये.