पितरांच्या घागरींनी विझवलेली आग

गोंदिया शहराची वस्ती सरते आणि धानाच्या बांध्या सुरू होतात, त्या सीमेवर मोहटोला नावाचा टोला, म्हणजे छोटा पाडा, वसला होता. चाळीस घरे, चाळीसही गवताने शाकारलेली, एकमेकांना खेटून बसलेली. आणि साऱ्यांना मिळून विहीर एकच. इथे सुमित्राबाई राहत. केशोरीकडचे त्यांचे पहिले घर धानाच्या कोठीसकट, गोठ्यातल्या गाईसकट आगीत गेले होते. नवरा उदाराम इथल्या भातगिरणीत कामाला लागला आणि या माउलीने टोल्याला वळण लावायचे मनावर घेतले.

प्रत्येक दारापुढे एक माठ. त्यातले पाणी प्यायचे नाही, त्याने पाय धुवायचे नाहीत. ते आगीचे पाणी. माठाशेजारी एक गोणपाट, भिजवून छपरावर टाकायला. पाच घरांत मिळून एक लांब बांबू, टोकाला लोखंडी आकडी, पेटते छप्पर ओढून पाडायला. फाल्गुन लागला की बाई रोज सकाळी दारोदार फिरत आणि माठ पाहत.

"आली जी आगवाली बाई!" शेजारचा छोटेलाल हाक देई. "कायले रोज रोज पाहून राहिली? आग काय सांगून येते?"

"सांगून येत नाही, म्हनूनच पाहून राहिली. गोणपाट कुठं हाय तुझा?"

"त्याच्यावर बुढा निजला हाय जी!"

टोला हसे, बाईही हसत. पण बुढ्याला उठवून गोणपाट जागेवर ठेवल्याशिवाय पुढे जात नसत. अशी अकरा वर्षे लोटली.

बाराव्या वर्षी माघात उदाराम तापाने गेला, आणि वैशाखात त्याच्या नावाची पहिली अक्ती आली. अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांना पाणी पाजण्याचा दिवस. पहाटे नवी घागर भरून धानाच्या राशीवर मांडायची, माध्यान्ही पुजायची. तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. पहिल्या वर्षीची घागर चुकली तर गेलेला जीव वर्षभर तहानेने तळमळतो, अशी साऱ्यांची श्रद्धा. त्या पहाटे बायकांनी विहीर उपसून घागरी भरल्या. नवे मडके घरात आले की जुने रिते करायचे, या रीतीने दारचे माठही पालथे घातले. एरवी अक्तीला बाई दारोदार फिरून ते रिते होऊ देत नसत. आणि सुमित्राबाईंनी? दुःखात बुडालेल्या त्या जीवाने फेरी घातली नाही. स्वतःचा माठसुद्धा स्वतःच्याच हाताने पालथा घातला!

सूर्य डोक्यावर येत होता. घरोघर नैवेद्य रांधला जात होता. छोटेलालच्या चुलीवर वड्यांचे तेल भडकले, ज्वाळा उसळली, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तो छप्पर धडधडू लागले. वर पश्चिमेचा तापला वारा!

"आग! आग लागली जी!"

थाळ्या बडवल्या गेल्या, माणसे धावली, आकड्या आल्या, गोणपाटे आली. पण माठ? चाळीसच्या चाळीस पालथे! टोल्यातल्या रूपलालने विहिरीत बादली सोडली. वर आला तो नुसता गाळ.

"पानी कुठं हाय?" रूपलाल ओरडला.

पाणी कुठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. टोल्यातला वडीलधारा दुलीचंद दोन्ही हात पसरून आडवा झाला. "घागरीले हात लावू नोका! पूजा व्हाची हाय अजून!"

दुसरे छप्पर पेटले.

सुमित्राबाई घरात शिरल्या. राशीवर उदारामची घागर, तोंडावर आंब्याची पाने, अंगाला गार दव. हात पुढे गेला, मागे आला. गिरणीतून भुशाने माखून येणारा, दारातच "पानी दे वो" म्हणणारा तो माणूस! त्याला आज आपण कोरडा ठेवायचा? बाहेर लेकरांचा आकांत उसळला, आणि बाईंनी घागर उराशी उचलली.

"ऐकून राहिले ना जी? तुमचं पानी टोल्याले देऊन राहिली मी. रागवा, पन मलेच रागवा!"

भर चौकात गोणपाटावर घागर रिती झाली. मग काय विचारता! घराघरातून घागरी निघाल्या, बायकांच्या कडेवरून, पुरुषांच्या खांद्यावरून.

"मामंजी, माफी करजा!" म्हणत वारलेल्या डोमनलालच्या सुनेने त्याची घागर ओतली. भिजली गोणपाटे छपरांवर चढली, आकड्या तिसऱ्या घराच्या शाकारात रुतल्या, बांबू कडाडले, गवत खाली आले, आणि आगीला पुढे वाटच उरली नाही. तीन छपरे गेली. सदतीस उभी राहिली. जीव एकही गेला नाही.

 तेव्हा कुठे रिती घागर मांडीवर घेऊन बाई बसल्या. "तहानलेला ठेवला मी त्याईले," एवढेच त्या म्हणत राहिल्या.

दिवस कलताना विहिरीत पाझर जमला. जेमतेम एक बादली. साऱ्या टोल्याची पूजा राहिलेली, साऱ्यांचे पितर ताटकळलेले. दोर दुलीचंदच्या हाती होता.

"पहिले कोनाले, दाजी?" रूपलालने विचारले.

"माझा बाप तीस वर्षं पानी पिऊन राहिला, थांबते थोडा," दुलीचंद म्हणाला. आणि ज्या हातांनी दुपारी घागरी अडवल्या होत्या, त्याच हातांनी त्याने ती बादली सुमित्राबाईंपुढे आणून ठेवली. "पाज, वयनी. आधी उदाराम."