बीडमध्ये पावणेनऊला उगवलेला सूर्य

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काहीच संबंध नाही त्यांस तर विशेष करून, कळवण्यात येते की बीड शहरात एकदा सकाळी पावणेनऊ वाजता सूर्य उगवला. या घटनेस जबाबदार असलेला इसम मी. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — आणि मी किती बोलतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघत होते, त्यातला एक माझा. माझा मित्र मन्मथ कॉलेजात गणित शिकवायचा. परदेशातली काही हौशी माणसं तेव्हा मुक्त सॉफ्टवेअर लिहीत होती — कुणीही घ्यावं, उघडून वाचावं, बदलावं, वाटावं. त्यांना सूर्योदयाची वेळ काढणारा प्रोग्रॅम हवा होता; तो आम्ही दोघांनी अंगावर घेतला. पद्धत एका पुस्तकात छापलेली होती. मेख एवढीच — पद्धत सगळ्यांची, पण पुस्तकातला तयार प्रोग्रॅम प्रकाशकाचा. तो उतरवून फुकट वाटायचा नाही, असं पहिल्याच पानावर बजावलेलं.

म्हणून नियम ठरला. पुस्तक मन्मथनं वाचायचं आणि पद्धत मला साध्या मराठीत लिहून द्यायची. मी पुस्तकाला हात न लावता प्रोग्रॅम लिहायचा. पुस्तक माझ्या क्लासातल्या कपाटात, किल्ली मन्मथच्या खिशात. सोवळं म्हणजे किती सोवळं!

नऊ दिवस खपलो. माझा सूर्य कधी भरदुपारी उगवे, कधी उगवतच नसे. तेवढ्यात मन्मथ भाचीच्या साखरपुड्याला धारूरला निघाला. गर्दीत किल्ली हरवेल म्हणून ती त्यानं — कुणाच्या हातात दिली असेल?

"ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याकडंच ठिवतो बग," म्हणाला आणि हसत एसटीत चढला.

इथं थांबावंसं वाटतं. पण किती वर्षं थांबणार?

कपाट उघडलं. एकच ओळ बघू, म्हटलं. मग — सगळाच उतरवला. आतल्या आकड्यांना दिलेली नावं तेवढी बदलली. मन्मथ परतल्यावर त्याला सूर्य अगदी वेळेवर उगवून दाखवला, तेव्हा त्यानं मला मिठी मारली. प्रोग्रॅम पाठवला, स्वीकारलाही गेला. खाली दोघांची नावं, गाव बीड, आणि 'लिहिणाऱ्यानं पुस्तक पाहिलेलं नाही' ही मन्मथची ग्वाही. ते पान छापून तो खिशात घेऊन फिरायचा. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा आणणाऱ्यालासुद्धा दाखवायचा.

मग तिकडून एक ईमेल आला. गाव न भरता प्रोग्रॅम चालवला तर सूर्य पावणेनऊला का उगवतो? चालवून बघितलं — खरंच! गाव दिलं नाही, तर पुस्तकाच्या लेखकानं स्वतःचंच गाव धरलं होतं. पार उत्तरेकडचं, बर्फातलं. त्याचे अक्षांश-रेखांश मी जसेच्या तसे टिपले होते. ज्यानं पुस्तक पाहिलं नाही त्याला हे गाव कळलं कसं, एवढंच त्या माणसानं विचारलं होतं.

खरं सांगून टाकायला माझं तोंड उघडलं होतं. हे खरं आहे, आणि त्याला काही किंमत नाही.

मन्मथनं उत्तर लिहिलं — 'आकडे माझ्याकडूनच, मन्मथकडूनच, टिपणात गेले असतील, चूक माझी.' त्याचं सात पानी टिपण माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. त्यात ते आकडे नव्हते. त्यानं टिपण मागितलं नाही. मी काढलं नाही.

त्यांनी मन्मथचं नाव गाळलं. मला मात्र दुसऱ्या कुणाच्या टिपणावरून नव्यानं लिहायला सांगितलं. मी लिहिलं. त्या यादीत बीडचं एकच नाव उरलं, आणि मन्मथनं त्यांच्यासाठी पुन्हा एक ओळही लिहिली नाही.

भीती होती? मोह होता? काहीही म्हणा.

मन्मथ ते उत्तर लिहीत होता तेव्हा माझ्याकडं टायपिंग शिकवणारा आमचा दोस्त शेख मागं उभा होता. त्यानं सरळ विचारलं, "पुस्तक याच्याच क्लासात हाय ना? मंग यानंच बघितलं नसंल कशावरनं?"

मन्मथ ताडकन उठला. अख्ख्या क्लासाला ऐकू जाईल असा ओरडला —

"गप्पा लई हाणतो बे हा, पण खोटं न्हाई बोलत!"